खोक्याची खालची बाजू

नको, नको – उलटं नका करू हो साहेब ते खोकं! तसंच उभं राहू दे. वर कुंकवाचं स्वस्तिक आहे ना, मामंजींनी आपल्या हातानं काढलेलं, ते पुसलं जाईल. दर वर्षी आयुधपूजेला काढतात – तुम्ही पुण्याचे, तुमच्याकडे खंडेनवमी म्हणतात, तीच – तेरा वर्षं झाली, जुन्यावर नवं, जुन्यावर नवं, बघा कसा थर बसलाय. आमचं शिवणकामाचं दुकान, तेव्हा आधी मशिनींना हार, मग कातऱ्यांना, मग इंची टेपांना, आणि सगळ्यांत शेवटी घरी येऊन ह्या खोक्याला. आत काय आहे ते न बघता. तेरा वर्षं. बसा ना तुम्ही, उभे का? आमचे हे मामंजींना आणायलाच गेलेत, बळेपेटेत दुकान आहे, पाव तासात येतील. त्यांच्यासमोरच काय ते बघा. चहा घ्या, गार होतोय. आणि स्वल्प हळू बोला हं – आत्याबाई आत पडल्यात, त्यांची झोप फार सावध. सासूबाई हो माझ्या. त्या उठल्या की मग तुमचं बघणं राहील बाजूला, तुमचं गाव, गोत्र, मुलं किती, तेच निघेल.

काल मामंजी सांगत होते सगळ्यांना, तुमच्या कंपनीचं नवं ऑफिस होतंय कोरमंगलाला, त्यात खाली मोठी काचेची कपाटं करणार, जुने जुने कॉम्प्युटर ठेवणार, आतून दिवे लावणार. आणि आमचं हे खोकं मधल्या कपाटात. कारण इतरांकडून मिळालेले सगळे वापरलेले, कळा पिवळ्या पडलेले, आणि हे एकटं कारखान्यातून निघाल्यापासून न उघडलेलं – असंच म्हणालात ना तुम्ही? आणि खाली पितळेची पाटी, शंतनु श्रीधरराव यांच्या घरून म्हणून. मामंजींनी तीनदा विचारून घेतलं म्हणे, नाव इंग्रजीत की कन्नडात. शंतनु म्हणजे माझे मोठे दीर. हो, तेच विलायतेतले. चौऱ्याऐंशी साली त्यांनी हे तिथून एका मित्राच्या हाती पाठवलं, बरोबर चिठ्ठी – मी दिवाळीला येतो, मग मिळून उघडू, तोवर कुणी हात लावू नका. मी तेव्हा ह्या घरात आलेलीही नव्हते. तिकडं निपाणीला सातवी पास होऊन घरी बसले होते, कारण आठवीचा वर्ग मुलींच्या शाळेत नव्हता. तर ती दिवाळी गेली. पुढची गेली. भावोजींनी तिकडंच लग्न केलं, मग वर्षाला दोन पत्रं, मग एक, आता नाताळाचं कार्ड येतं, छापील, खाली सही. पण मामंजींचं एकच – खोकं बंद आहे ना? मग शंतनुचं येणं बाकी आहे. बोलून नाही दाखवत. पण रोज दुकानाला जाताना माडीवर जाऊन एकदा हात ठेवून येतात त्याच्यावर.

अहो, हलवून काय बघताय? काही खुळखुळणार नाही. आत थर्माकोलचा साचा आहे, त्यात गच्च बसतं ते, कितीही –

म्हणजे असणारच ना. विलायतेचा माल, थर्माकोल असणारच. मला कुठून माहीत? देवाप्पा सांगत होता. देवाप्पा म्हणजे पलीकडच्या गल्लीतला, टीव्ही रेडिओ दुरुस्त करतो तो. तो म्हणाला, अक्का, असल्या यंत्रात कंडेन्सर असतात, त्यांत वर्षानुवर्षं करंट फिरला नाही तर ते सुकून जातात, आणि कळांखाली पापुद्र्यासारखी पट्टी असते ती आपोआप चिरते. ठेवून ठेवून चांगलं राहतं असं नाही म्हणे. मला पटलं हो ते. आमच्या घरात हे कुणाला सांगायला नको. शिवणाची मशीन सहा महिने झाकून ठेवा, तेल गोंदासारखं होतं, चाक फिरत नाही. आत्याबाईंचा लग्नातला शालू बघा – जपून जपून ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून, कुणाच्या लग्नात नेसल्या नाहीत, माझ्या लग्नातसुद्धा नाही. मागच्या वर्षी काढला तर घडीघडीवर उलला होता. नेसल्या असत्या तर निदान घड्या तरी बदलल्या असत्या. रडल्या खूप. पुन्हा तस्साच घडी घालून ठेवला. – देवाप्पाला कशाला विचारलं? असंच. टीव्ही बिघडला होता, तो आला होता, गोष्ट निघाली.

हे भिंग कुठून काढलंत? खिशात घेऊनच फिरता होय तुम्ही? बघा, बघा, वरची पट्टी खुशाल बघा. जुनीच आहे, ब्राउन, तिच्यावर विलायतेतल्या कंपनीची अक्षरं आहेत, मी मोजली पण – म्हणजे दिसतात ना स्पष्ट. कडा बघा. कुठं उचकटलेली आहे? नाही ना? सरी मग. झालं तर. आता ठेवा खाली. साहेब, बेडा – नका ना – मी पाया पडते तुमच्या, उलटं नका –

...

हं. बघितलंत.

ती पट्टी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातली आहे. काल आणली, काल चिकटवली. एवढी चमकेल असं वाटलं नव्हतं. चहाचं पाणी लावून जुन्या पट्टीसारखी रंगवावी म्हटलं, पण प्लॅस्टिकला कुठं रंग धरतो. आमचे हे खोकं माडीवरून खाली आणत होते ना, मघाशी, मी जिन्यात खाली उभी होते दोन्ही हात पुढं करून. हे म्हणाले, अंजली, अशी का उभी आहेस, चेंडू झेलायचाय का? कसं सांगू, की तळ सुटेल म्हणून. हळू बोला हो! मी तुम्हाला सगळं सांगते, पण हळू बोला.

पोरीसाठी केलं, साहेब. आमची सिद्धी, आठ वर्षांची. तिच्या शाळेत कॉम्प्युटर आलेत दोन, पण ते मोठ्या वर्गांना, आणि त्यांतही जी मुलं वेगळी फी भरतात त्यांना, लहानांना काचेतून बघायचं. घरी येऊन मला म्हणाली, अम्मा, आपल्या घरी आहे ना एक, मग मी बाहेरून का बघू? काय सांगणार? मला तर झोपेत पण हीच काळजी असते. हे शहर असं पळायला लागलंय – जो तो कोपऱ्यावर कॉम्प्युटर क्लासची पाटी लावतोय, कोण कुठला मुलगा, काल आमच्या दुकानात काजं-बटण करत होता, आज टाय लावून महादेवपुऱ्याकडं कंपनीत जातो – आणि माझी पोरगी पण माझ्यासारखी सातवीला येऊन थांबली तर? वरच्या खोलीत कॉम्प्युटर, आणि पोरगी त्याला उदबत्ती ओवाळते. गेल्या वर्षीच्या नागपंचमीनंतरची गोष्ट. वरून उघडलं तर कळेल, स्वस्तिक मोडेल. म्हणून मी ते आडवं केलं, आणि खालून ब्लेडनं, अलगद, टाके उसवतात तसं. उसवण्यात माझा हात चांगला आहे.

काय निघालं माहितेय? मला वाटलं होतं, टीव्हीसारखं मोठं काहीतरी असेल. तर एवढंसं काळं, सिद्धीच्या पाटीएवढं, रबराच्या कळा. एक वायर, एक पुस्तक, आणि विलायतेचा प्लग, चौकोनी पायांचा, आपल्या भिंतीत जाईना. तो कापून देवाप्पानं आपला गोल पायांचा लावून दिला. कापलेला मी ठेवलाय हं जपून, डब्यात. माडीवर आमचा जुना काळा-पांढरा टीव्ही पडून होता, देवाप्पानं त्याचं बटण फिरवून फिरवून एका जागी आणलं – आणि आली की हो अक्षरं पडद्यावर! सिद्धी टाळ्या वाजवायला लागली, मी तिचं तोंड दाबलं. असं, हातानं. जोरात. आठ दिवस मला तेच डोळ्यांसमोर येत होतं. आनंद झाला तरी आवाज काढायचा नाही, हे शिकवलं मी तिला. अज्जाला सांगायचं नाही. अप्पाला सांगायचं नाही. आत्याबाईंनी विचारलं, दुपारी वर काय करतेस गं, तर म्हणायचं, अम्माला कापडाच्या घड्या घालू लागते. सात वर्षांची होती तेव्हा. खोटं बोलताना पहिल्यांदा तिचे कान लाल व्हायचे. आता होत नाहीत. त्याची मला भीती वाटते, साहेब, तुमच्या भिंगाची नाही.

काय म्हणालात? दुपारी तर ती शाळेत असते?

हो. असते. साडेतीनला येते.

बरं, मग ऐका. एवढं ऐकलंत तर हेही. सिद्धीला पंधरा दिवसांत कंटाळा आला. पोरंच ती. चेंडू इकडून तिकडं नाचवला, स्वतःचं नाव पडद्यावर शंभरदा आणलं, झालं. मीच बसते. आत्याबाई एकला पडतात, तीनला उठतात. त्या दोन तासांत मी. आधी नुसतं पुस्तकातलं बघून एक एक अक्षर दाबायची, पाचवी ते सातवी इंग्रजी होतं मला, अक्षरं येतात, अर्थ सिद्धीच्या डिक्शनरीतून. एक खूण चुकली की ते घेतच नाही, खाली काहीतरी लिहून दाखवतं, मास्तर कसे वहीवर लाल रेघ मारायचे. पण हे मारत नाही, हसत नाही, दहादा चुकलं तरी दहादा तसंच गप्प उभं राहतं. मला असं कुणी शिकवलंच नव्हतं हो कधी. मग एक दिवस माझ्या डोक्यात आलं – ब्लाउजचं कटिंग. छातीचं माप घ्यायचं, त्याचा चौथा भाग आणि वर दीड इंच, मुंढा सहावा भाग, गळ्याची रुंदी बारावा. आमचे हे सगळं तोंडी करतात, आणि गर्दीत चुकतात, मग बायका ब्लाउज परत आणून काउंटरवर आपटतात. म्हटलं, ह्याला शिकवावं. अडीच महिने लागले. पण आता मी नुसतं छाती आणि उंची घातली की खाली सात मापं येतात, ओळीनं. मी ती चिठ्ठीवर उतरवते, डब्याबरोबर दुकानात पाठवते. हे म्हणतात, तुझं डोकं हिशोबाचं आहे बरं का. मी म्हणते, हं. चिक्कपेटेच्या बायका हल्ली आमच्याकडं येतात, बसतो म्हणे ब्लाउज बरोब्बर. कुणाला माहीत नाही का बसतो ते. तुम्ही पहिले.

हसताय? हसा. अजून सांगते. ते लिहिलेलं ठेवायचं तर टेपरेकॉर्डर लागतो, कॅसेटवर ठेवतात. माझ्याकडं कोरी कॅसेट कुठली? आत्याबाईंच्या भजनाची होती, दुसरी बाजू त्या कधी लावत नाहीत असं मला वाटलं. एकादशीला त्यांनी नेमकी तीच लावली. किर्र् किर्र् – चीं – असा आवाज घरभर. आत्याबाई म्हणाल्या, अगं बाई, बुवांचा घसा बसला वाटतं! मी मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले, आणि मग तिथंच बसून रडले पण. कशासाठी ते कळलं नाही.

आणि उघडून बघाल तेव्हा कळेलच, म्हणून आत्ताच सांगते. त्याच्यावर कुंकू आहे. आत. कळांवर. मी लावलं, दोन वेळा, मागच्या आयुधपूजेला आणि ह्या. मामंजी वर आले, खोक्याला गंध-फूल वाहिलं, कापूर लावला, आणि मी मागं उभी राहून बघत होते. नुसत्या पुठ्ठ्याला ओवाळतायत, आणि ज्याला मी रोज राबवते ते आत उपाशी. आमच्या घरात जे हत्यार चालतं त्याला त्या दिवशी कुंकू लावल्याशिवाय पाणी नाही घेत कुणी. नाही लावलं आणि सिद्धीला काही झालं तर? तुम्ही शिकलेले, तुम्हाला नाही कळायचं. सगळे झोपल्यावर – दुपारी हो – खालून काढलं, हळदीकुंकू लावलं, एक फूल ठेवलं, त्या दिवशी चालवलं नाही, नमस्कार केला आणि ठेवून दिलं. तर ते कुंकू सांडून आठाच्या कळेखाली गेलं. आता आठ दाबला की दोनदा उठतो. अडतीस छातीची बाई आली की मी सदतीस अधिक एक असं घालते. त्याला तेवढी बेरीज येते. समजून घेतं.

तर असं आहे, साहेब. वापरलेलं आहे, प्लग कापलेला आहे, कुंकवानं एक कळ गेलेली आहे. तुमच्या काचेत बसायच्या लायकीचं नाही. तुम्ही काहीतरी निमित्त सांगा मामंजींना – कपाट लहान आहे म्हणा, मोठे साहेब नको म्हणाले म्हणा – आणि जा. मी जन्मभर नाव घेईन तुमचं. माझं नाव मात्र काढू नका. ते खोकं पुन्हा वर जाईल, मामंजी सकाळी हात ठेवतील, मी दुपारी बसेन. चाललंय ते चालू दे.

... काय म्हणता?

परत सांगा.

खालची बाजू कोण बघतंय. पट्टी जुनी मिळते तुमच्याकडं, लावून घ्याल. वरचं स्वस्तिक उलट शोभेलच. कुणाला कळणार नाही, माझं पण नाव येणार नाही. पाटीवर ‘न उघडलेला’ असंच लिहाल.

म्हणजे तुम्हाला माहीत असून? अहो, मला वाटलं होतं, तुम्ही खऱ्याचे माणूस, भिंग घेऊन फिरणारे! खोटंच ठेवायचं काचेत तर माझंच काय वाईट होतं? मी निदान लपून का होईना, काम करून घेत होते त्याच्याकडून. आणि दिवा लावणार त्याच्यावर. आत करंट नाही, नुसता वरून उजेड. लोक येणार, हात मागं बांधून बघणार, किती छान जपलंय म्हणणार. आणि आमचे मामंजी रविवारी इस्त्रीचं धोतर नेसून कोरमंगलाला येणार, काचेतून बघायला. सिद्धी बघते ना शाळेत, तसे. पितळेच्या पाटीवर पोराचं नाव – साहेब, आमच्याकडं पितळेवर नाव कुणाचं घालतात, सांगू? गेलेल्या माणसाचं. देवळात भांडी देतात ना, त्याच्यावर. तुम्हाला हो म्हटल्यापासून मामंजी नीट जेवलेले नाहीत. आत्याबाईंना म्हणाले, चांगल्या ठिकाणी जातंय, आता मी वाट नाही बघत. असं म्हणाले, आणि तोंड फिरवलं. तेरा वर्षं त्या माणसानं पुठ्ठ्यावर हात ठेवला. आत काय आहे हे एकदा तरी बघू दे त्यांना. भावोजींनी काय पाठवलं होतं ते. भावोजींनी उघडायलाच पाठवलं होतं हो, पुजायला नव्हतं पाठवलं!

मी गप्प बसले तर माझं सगळं झाकून राहतं. खरंय तुमचं. सून चांगली, घर चांगलं, पोरगी चांगली. फक्त ते जातं. आणि सिद्धीला दिसतं की अम्मानं दीड वर्ष लपवलं ते शेवटी गप्प बसून घालवायलाच.

स्कूटरचा हॉर्न ऐकलात? मामंजी मागं बसले की हे वळणावर असाच देतात, दोनदा. आले. बाजूला व्हा. सरका म्हणते ना! हात काढा त्याच्यावरून – तुमचं नाही झालेलं अजून. कातर लागेल तुम्हाला. सरका.

– झालं.

एवढाच आवाज. बघा, एवढाच. तेरा वर्षं सगळं घर ज्याला भीत होतं तो. आता वरून पण उघडं, खालून पण उघडं. स्वस्तिकाचे दोन भाग झाले, त्याचं काय पाप लागायचं ते मला लागू दे, पोरीला नको. आता काय लिहाल पाटीवर? बोला ना.

या, मामंजी. सावकाश – उंबरा. नाही, साहेबांनी नाही फाडलं. मी. वरून आत्ता, खालून दीड वर्षापूर्वी. अहो सिद्धीचे अप्पा, तुम्ही मध्ये बोलू नका, मला मामंजींना सांगू दे. मामंजी, आधी बसा. माझ्याकडं नंतर बघा, मारायचं तर मारा, पण आधी ह्याच्यात हात घाला. घाला ना. तो पांढरा साचा आहे, त्याच्या खाली. ओढा बाहेर, काही मोडत नाही. – हं. तेच. शंतनु भावोजींनी पाठवलेलं. इतकंच आहे. हलकं आहे ना? चालतं, मामंजी. रोज चालतं. कुंकू मी लावलंय.

साहेब, तुम्ही अजून इथंच? निघा. चपला दाराच्या डाव्या अंगाला आहेत.